आई आंघोळीला गेल्या आहेत

मी बोलतोय भिंतीवरून. वर नका बघू, वर थोरले आहेत, त्यांच्याकडे सगळेच बघतात. जरा खाली या. नळाच्या शेजारी आकड्यावर मान टाकून जो लटकलाय ना, तो मी. हातात धरायचा शॉवर. मागे लांब चकचकीत नळी, पुढे वाटीएवढं तोंड आणि तोंडाला बारीक बारीक भोकं.

स्वभावाने मी भोचक, हे आधीच सांगून टाकतो. नळी लांब, त्यामुळे मान वळते, आणि मान वळते म्हटल्यावर नजर जाणारच. कोण काय करतंय आणि का करतंय, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाहेर कशीही वागणारी माणसं आत येऊन कडी लावली की वेगळीच होतात. कुणी आरशाशी भांडतं, कुणी साबणाला भाषण देतं. लाजेच्या वेळी मात्र मी तोंड भिंतीकडे ठेवतो, तेवढी लाज मलाही आहे.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडलो तसं कुणीतरी माझ्या तोंडात आधी हवा फुंकली, मग जोरात पाणी सोडलं. ते पाणी माझ्या अंगातून गेलं आणि खालच्या जाळीत नाहीसं झालं. मी विचारात पडलो, हे आलं कुठून आणि गेलं कुठे? उत्तर मिळायच्या आत मला पुसून खोक्यात कोंबलं. तेव्हापासून जी चौकशीची सवय लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

खोक्यातून निघालो तो थेट दुकानात. काय थाट होता त्या दुकानाचा! भिंतीभर आमचीच जातकुळी. छताला लटकलेले मोठे चौकोनी शॉवर होते, त्यांचं पाणी म्हणे पावसासारखं सरळ डोक्यावर पडतं. एक लांबोडका पॅनेल होता, त्याला वरपासून खालपर्यंत तोंडंच तोंडं, बोलायला लागला की सगळीकडून एकदम बोलायचा. वाफेची केबिन कायम दार लावून बसलेली, आत निळा दिवा, गाण्यांची सोय, आणि चेहऱ्यावर असा भाव की ज्याला मी परवडेन त्यानेच जवळ यावं. काचेच्या खोल्यांचे तर किती प्रकार. कोपऱ्यात बसणारी गोल पोटाची, सरकत्या दारांची, घडीच्या दाराची. आणि एक नुसतीच उभी काच, दारच नसलेली. तिला सगळे विचारायचे, "अर्धीच का गं तू?" ती बिचारी गप्प राहायची. एका दांडीवर प्लास्टिकचा पडदा होता. तो पंखा लागला की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगाला चिकटायचा, म्हणून त्याला शेवटी मागे टाकलं.

गंमत म्हणजे एवढ्या सगळ्यांत पाणी कुणालाच नव्हतं. दुकानातले शॉवर कोरडे. त्यामुळे बढाया मारायला मोकळं रान. "माझ्याखाली उभं राहिलं की माणूस घर विसरतो," असं त्या चौकोनी शॉवरांतले आमचे थोरले म्हणायचे. मी त्यांना विचारलं, "तुम्ही माणूस बघितलाय का ओला?" तर म्हणाले, "तू सेटमधला आहेस, गप्प बस." खरंच होतं ते. मी त्यांच्याच खोक्यात जोडीला आलेला, वेगळी किंमत नसलेला.

एका सकाळी तिघं जण आले. पुढे एक दणकट गृहस्थ, हातांच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. मागे उंच, खांद्याने रुंद अशी त्यांची बायको, केस अजून ओलसर. आणि त्यांच्या मागे एक ठेंगण्या, गोऱ्या बाई, कानात मशीन, पदर नीट खोचलेला. सगळे त्यांना आई म्हणत होते, म्हणून मीही आईच म्हणतो. त्यांच्या मुलाला मी चिरंजीव म्हणतो आणि उंच बाईंना सूनबाई. नावं मला कुणी सांगितली नाहीत आणि माझं काही अडलंही नाही.

त्यांच्या आंघोळीच्या खोलीतून खालच्या शेजाऱ्यांच्या छतात पाणी झिरपत होतं. त्यामुळे फरशी उखडायचीच होती, मग सगळंच नवं करू असं ठरलेलं. चिरंजीव वाफेच्या केबिनपाशी रेंगाळले. सूनबाईंनी त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. विक्रेता पाठीमागे हात बांधून सगळ्यांचे गुण सांगत होता.

"आई, तुम्हाला काय हवं?" सूनबाईंनी विचारलं.

"मला मेलीला काय कळतंय यातलं. तुम्हाला आवडेल ते घ्या."

असं म्हणताना आई एका घडीच्या बैठकीसमोर उभ्या होत्या. भिंतीला लावायची, हवी तेव्हा खाली पाडायची छोटी फळी. त्यांनी ती हळूच खाली पाडली, तळहाताने दाबून बघितली आणि परत वर केली. हे फक्त मी बघितलं. बाकी दोघं तेव्हा थोरल्यांकडे मान वर करून बघत होते.

"हाच घेऊ. आईंना मोठा, मऊ पाऊस. वाकायला नको, तांब्या उचलायला नको," सूनबाई म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या, हे मी शपथेवर सांगेन.

आणि असे आम्ही या घरी आलो. थोरले छताखाली, मी भिंतीला, आणि आम्हा दोघांभोवती सरकत्या दाराची स्वच्छ काच. जुना खालचा नळ काढला, कारण काचेच्या आत बादलीला जागा उरत नव्हती. आईंची बादली बाल्कनीत गेली आणि तिच्यात झाड आलं. त्यांचं बसायचं पाटासारखं स्टूलही कुठेतरी माळ्यावर गेलं. भिंतीत एक मूठ बसवली होती, वर केली की पाणी सुरू. उजवीकडे फिरवली की पाणी थोरल्यांना, डावीकडे फिरवली की मला. पण मूठ कायम उजवीकडेच. माझ्या वाट्याला फरशी धुणं आलं.

तरी मी खूश होतो, कारण बघायला माणसं मिळाली. चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात उतरून तारा आणि पुल्या तपासायच्या, आवाज ऐकून दुखणं ओळखायचं. संध्याकाळी काळेकुट्ट होऊन येतात, थोरल्यांखाली उभे राहतात आणि एकच गाणं गातात, तेही अर्धंच. पुढचं अर्धं कुठे गेलं ते मला अजून कळलेलं नाही. सूनबाई तलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवतात. सकाळपासून पाण्यात असतात, त्यामुळे घरी झटपट आंघोळ आणि वायपरने काच लख्ख पुसणं. घरात नियमच आहे, जो आंघोळ करेल त्याने काच पुसायची. डाग पडले तर सूनबाईंचा पारा चढतो.

आता आई. आईंचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान होतं. पुरी हयात त्यात गेली. डाग बघून जेवण ओळखायच्या आणि कॉलर बघून माणूस, असं त्या स्वतःच सांगतात. त्यांच्या आंघोळीबद्दल मला फार उत्सुकता होती. एवढी पाण्यातली बाई, कशी आंघोळ करत असेल?

पहिल्या दिवशी आई आत आल्या. मशीन कानातून काढून डबीत ठेवलं, काचेचं दार सरकवून घेतलं, मूठ वर केली. थोरले धो धो कोसळले. आईंनी डोळे गच्च मिटले आणि हात पुढे केले. काचेला हात लागला. त्यांनी दार ओढायला बघितलं, पण ती दाराची बाजूच नव्हती. दुसरीकडे चाचपलं, तिकडेही काच. चारही बाजू सारख्याच गुळगुळीत. "अगं बाई, अगं बाई," म्हणत त्या काचेवर थापा मारायला लागल्या. शेवटी कसंबसं दार सापडलं, त्या बाहेर आल्या आणि कमोडच्या झाकणावर बसून किती तरी वेळ धापा टाकत राहिल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या दिवसापासून एक अजब प्रकार सुरू झाला. आई आत यायच्या, कडी लावायच्या, हात लांब करून मूठ वर करायच्या आणि चटकन मागे व्हायच्या. काचेच्या बाहेर, बेसिनपाशी. इकडे थोरले रिकाम्या फरशीवर बरसतायत आणि तिकडे आई गरम पाण्यात नॅपकिन बुडवून, पिळून अंग पुसतायत. पिळायचा तो मनगटाचा झटका काय वर्णावा, थेंब राहायचा नाही. मग केस थोडे ओले करायचे, टॉवेल जिथे जिथे ओला व्हायला हवा तिथे तिथे बरोबर भिजवायचा आणि शेवटी काचेच्या आत हात घालून वायपर फिरवायचा. पुराव्याला जागाच नाही!

मी चक्रावून गेलो. थोरल्यांना म्हटलं, "अहो, तुम्ही कुणावर पडताय?" ते म्हणाले, "माझं काम पडणं." यापलीकडे त्यांना कशाचीच चौकशी नसते.

भीती वाटते तर सांगायचं की. दोघंही प्रेमाची माणसं, कुणी खाऊन टाकणार होतं का? मला कारण कळेना. ते कळलं एका रविवारी. चिरंजीव बेसिनपाशी दाढी करत होते, फोन फळीवर ठेवून बहिणीशी बोलत होते. दार उघडं होतं.

"माझं ठरलंय," ते म्हणत होते. "मावशीचं काय झालं बघितलंस ना? बाथरूममध्ये पडली ती उठलीच नाही. आईला एकटीला आंघोळ जमेनाशी झाली की त्या दिवसापासून बाई ठेवायची. ती आंघोळ घालेल, कपडे घालेल. आई चिडली तर चिडू दे, मी ऐकणार नाही."

आरशात मला आई दिसल्या. धुतलेले टॉवेल कवटाळून बाहेर उभ्या होत्या, मशीन कानात होतं. त्यांनी टॉवेल तिथेच खुर्चीवर ठेवले आणि पाय न वाजवता निघून गेल्या.

म्हणजे अशी गोम होती. आईंनी तोंड उघडलं असतं तर आंघोळ कायमची दुसऱ्याच्या हाती गेली असती. मी इतका अस्वस्थ झालो की दिवसभर तोंडातून ठिपकत राहिलो. चिरंजिवांनी वॉशर बदलला. वॉशर ठीकच होता.

असे किती तरी दिवस गेले. आईंची युक्ती पक्की होती, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. पूर्वी बादलीच्या दिवसांत म्हणे मशीन काढून ठेवलेलं असायचं, त्यामुळे आई आंघोळीला गेल्या की घरात त्यांना कुणी हाक मारायचंच नाही. आता पाणी अंगावर नव्हतंच, मग मशीन काढायचं कशाला? कुणी आलं तर चाहूल लागावी म्हणून आई ते कानातच ठेवायच्या.

त्या सकाळी आतमध्ये थोरले धो धो चालले होते आणि सूनबाई बाहेर घाईत होत्या. त्यांना क्लासला उशीर झालेला. स्वतःशीच पुटपुटत त्या दारावरून गेल्या, "आता किल्ल्या कुठे टाकल्या मी?"

"फ्रिजवर आहेत!" आई आतून म्हणाल्या.

म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला. बाहेरची पावलं थांबली. आत आई थांबल्या. मीसुद्धा श्वास रोखून, म्हणजे पाणी रोखून, लटकत राहिलो. काही वेळाने सूनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हो, मिळाल्या," आणि निघून गेल्या.

सुट्टीच्या दिवशी चिरंजीव कामावर गेल्यावर सूनबाई आईंच्या मागोमाग आत आल्या. दार लावलं आणि सरळ झाकणावर बसल्या.

"हे गं काय? मला आंघोळ करायचीय," आई म्हणाल्या.

"करा ना. आई, डोक्यावर पाणी पडलं की काय होतं?"

"काय व्हायचंय! काही होत नाही."

"माझ्याकडे एक वकील येतात शिकायला. ही एवढी उंची, कोर्टात म्हणे गर्जतात. पहिल्या दिवशी पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. पाणी कमरेएवढंही नव्हतं. मी कुणाला हसत नाही, आई. आणि कुणाचं कुणाला सांगतही नाही."

आई बराच वेळ नॅपकिनची घडी घालत राहिल्या, मोडत राहिल्या. मग एकदम बोलायला लागल्या, पाणी तुंबून सुटावं तशा.

"मशीन काढलं की मला काही ऐकू येत नाही. त्यात वरून पाणी, डोळे मिटलेले. मग वर कुठे, खाली कुठे, काही कळत नाही बघ. सगळीकडे तुमची ती काच. बरणीत कोंडल्यासारखं होतं. बादलीपुढे बसलं की कसं, बूड जमिनीला असायचं, पाणी माझ्या हातात असायचं. तुला सांगणार होते गं. पण तो बाई ठेवेल. आयुष्यभर मी लोकांचं धुतलं. आता परकी बाई मला धुणार? मेले तरी चालेल मला."

"असं बोलू नका."

"त्याला सांगू नकोस. शपथ घे माझी."

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीच पसंत केला हो तो शॉवर," त्या म्हणाल्या. "दिवसभर लोकांना सांगते, पहिल्या दिवशी डोक्यावर पाणी घ्यायचं नाही. आणि घरी तुमच्या डोक्यावर हा लावून ठेवला."

थोरल्यांनी हे ऐकलं. त्यांच्या तोंडातून एकच थेंब टपकला.

मग सूनबाई उठल्या, बाहेरून स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, काचेच्या आत ठेवलं आणि दार उघडंच ठेवलं. मूठ डावीकडे फिरवली. माझ्या अंगात पाणी सळसळलं. त्यांनी मला आकड्यावरून उचलून आईंच्या हातात दिलं. "मशीन असू दे कानात. आज फक्त पाय. तलावावर पण हेच, आधी पाय."

आईंची बोटं माझ्या मानेभोवती घट्ट आवळली गेली. किती खरखरीत होती ती बोटं. आजवर मी फरशी धुतली होती, माणसाच्या पायावर पहिल्यांदाच पडत होतो, म्हणून मीही जपून पडलो.

"गुदगुल्या होतायत," आई म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

पुढच्या दिवसांत पायांवरून गुडघे, गुडघ्यांवरून खांदे असं करत आम्ही वर सरकलो. डोक्याची वेळ आली तेव्हा मशीन काढावं लागणार होतं. सूनबाई दाराबाहेर थांबणार होत्या, कारण आईंना एकटीनेच करायचं होतं. पण आत सगळं ठीक आहे हे बाहेर कळायचं कसं? हाक मारली तर आईंना ऐकू येणार नाही. आईंनी मला हातात तोलून बघितलं आणि माझं डोकं भिंतीतल्या पाइपवर आपटलं. टक टक.

"मी अशी वाजवेन मधून मधून. म्हणजे समज, म्हातारी जिवंत आहे."

"आणि मी ऐकलं, हे तुम्हाला कसं कळणार?"

खोलीला झरोका अगदी छोटा, दिवसाही दिवा लागतो आणि बटण दाराबाहेर आहे. सूनबाईंनी बाहेर जाऊन ते खाली-वर केलं. दिवा क्षणभर गेला आणि आला. आईंनी मान डोलावली. झालं, ठरलं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! जन्मभर बोलावंसं वाटत होतं आणि शेवटी मला आवाज मिळाला. डोक्यावर पोचा पडला तर पडू दे.

प्रश्न उरला तो काचेचा. दार काढायचं, आधाराला दांडा लावायचा, बसायला पक्की फळी लावायची, हे चिरंजिवांना सांगायचं कसं? सूनबाईंनी एका संध्याकाळी त्यांना दारातच उभं केलं.

"अरे, हे दार काढून टाक ना. मला भीती वाटते बंद काचेत. चक्कर आल्यासारखं होतं."

चिरंजीव असे हसले की बेसिनवरचे ब्रश हलले. "तुला? भीती? पोहण्याच्या मास्तरीणबाई शॉवरला घाबरल्या! अगं, परवा आपली लिफ्ट मध्येच अडकली तेव्हा आत बसून सफरचंद खात होतीस की! तेव्हा नाही वाटली भीती?"

सूनबाई क्षणभर अडखळल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा तू येणार हे माहीत होतं."

चिरंजीव हसायचे थांबले. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग काचेकडे, मग बेसिनपाशी वाळत घातलेल्या आईंच्या नॅपकिनकडे. आणि परत मोठ्याने हसले. "बरं बाई, घाबरटांसाठी करावं लागेल काहीतरी."

पुढच्या सुट्टीला ते हत्यारांची पेटी घेऊन आले. दार उतरवलं, नुसती उभी काच ठेवली. दुकानातल्या त्या अर्धीची मला फार आठवण आली. मग घडीची बैठक लावली आणि भिंतीला जाडजूड दांडा बसवला. माझा आकडाही काढून खाली आणला. माप घ्यायला त्यांनी बायकोला बोलावलंच नाही. दांडा इतका खाली लागला की सूनबाईंना वाकूनच धरावा लागला असता. मला वाटलं, हसण्याच्या नादात यांचं माप चुकलं. मी मनात म्हटलं, लिफ्टवाले असून एवढी चूक!

त्यानंतर घरात येणाऱ्या प्रत्येकाला चिरंजिवांनी हा किस्सा सांगितला. पाहुणे हसायचे, सूनबाईही हसायच्या. तलावावरही ही गोष्ट पोचली म्हणे. एकदाही त्या खरं बोलल्या नाहीत. आई मात्र चिडवणं सुरू झालं की उठून स्वयंपाकघरात जायच्या.

मग एका सकाळची गोष्ट. सूनबाईंना स्पर्धेसाठी दूरच्या तलावावर जायचं होतं. जाताना त्या आईंच्या कानाशी म्हणाल्या, "आंघोळ मी आल्यावरच करा हं." आई बरं म्हणाल्या. पण आईंनी काही ऐकलं नाही. बाहेर चिरंजीव पेपर वाचत बसले होते, त्यांना त्या सांगून आल्या, "मी आंघोळीला जातेय रे." आत आल्या, बैठक पाडली, मशीन डबीत ठेवलं. पाय झाले, खांदे झाले, डोक्याला शाम्पू लावला. डोळे मिटले, आणि सवयीने हात उचलून मला पाइपवर आपटलं. टक टक.

दिवा काही लुकलुकला नाही.

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आज दाराबाहेर सूनबाई नाहीत. आईंचा हात जागच्या जागी थिजला. फेस कपाळावरून खाली उतरत होता, कान बंद, डोळ्यांसमोर काळोख. मी काय करणार होतो? मला काय हात आहेत? त्यांनी दुसऱ्या हाताने दांडा गच्च धरला. एक डोळा किलकिला करून वर दिव्याकडे बघितलं आणि पुन्हा मला आपटलं, जरा जोरात. टक टक.

दिवा गेला आणि आला.

आईंनी श्वास सोडला. त्यांना वाटलं असणार, सूनबाई लवकर परतल्या. निवांत डोकं धुतलं, मला आकड्यावर ठेवलं, अंग पुसलं, मशीन घातलं आणि दार उघडलं.

"आली का ती?"

"कोण? तिला दुपार होईल," चिरंजीव म्हणाले. ते दारालगतच्या खुर्चीत बसले होते. पेपर उलटा होता, मला दिसत होतं.

"मग मघाशी दिवा..."

"गेला असेल क्षणभर." चिरंजिवांनी पेपरातून मान वर केली नाही. "चहा टाकू तुला?"

आईंनी वळून त्या दांड्याकडे बघितलं, जो बरोब्बर त्यांच्या हाताच्या उंचीवर होता. मग त्यांचे डोळे भरून आले. या वेळी शाम्पू नव्हता. "लबाड कुठला," त्या आरशातल्या स्वतःला म्हणाल्या. मग बाहेर बघून मोठ्याने म्हणाल्या, "टाक. आणि तिला घाबरट म्हणणं बंद कर आता."

"ते जमणार नाही," चिरंजीव म्हणाले. "घाबरट म्हणायचं सोडलं, तर मला कळलंय हे तिला कळेल."

म्हणजे बघा. या घरातलं सगळं मला एकट्याला ठाऊक आहे असं समजून मी भिंतीवर मिरवत होतो. चिरंजिवांना केव्हापासून कळलेलं होतं, त्या दिवशी दारात की त्याच्याही आधी, याची चौकशी मी अजून करतोय. बाई ठेवायचं ते पुन्हा कधीच बोलले नाहीत, एवढं मात्र खरं.

आता माझं वय झालंय. डोक्यावरची चकाकी उडून आतलं दिसायला लागलंय, एका कडेला चीर आहे, दोन भोकं क्षारांनी बुजलीत. मध्ये प्लंबर आला होता, म्हणाला, हा बदलून टाका. तिघंही एकदम म्हणाले, "नको!" आणि मग एकमेकांकडे न बघता तीन दिशांना गेले.

तेव्हा तुम्हाला एक विनंती आहे. या घरी कधी आलात, आई आंघोळीला गेल्या असल्या आणि आतून टक टक ऐकू आलं, तर नळ बिघडला म्हणून ओरडू नका. घरात दुसरं कुणी नसेल, तर दाराबाहेरचं बटण तेवढं एकदा खाली-वर करा.

आत कुणीतरी वर बघत असतं.